चाकांची खुर्ची आणि स्वावलंबनाची वाट

स्वातंत्र्य हा शब्द आपण बहुधा मोठ्या गोष्टींच्या संदर्भात वापरतो. परंतु आजाराने अथवा अपघाताने ज्याचे पाय निकामी झाले आहेत, त्याच्या लेखी या शब्दाचा अर्थ अगदी साधा असतो. तहान लागल्यावर स्वतः माठापाशी जाणे, कोणाला हाक न मारता शौचालय गाठणे, आतून दाराची कडी लावणे, सायंकाळी अंगणात येऊन रस्त्यावरची ये-जा पाहणे, एवढ्या चार गोष्टी साधल्या तरी माणसाला आपले आयुष्य पुन्हा आपल्या हाती आल्यासारखे वाटते. ज्या साधनामुळे हे शक्य होते ते साधन म्हणजे चाकांची खुर्ची, अर्थात व्हीलचेअर.

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, तपासण्या व खाटा यांची आकडेवारी असतेच आणि ती असावी. तथापि, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी गेल्यावर त्याचे पुढचे आयुष्य कसे जाते, यावरच उपचारांचे खरे मोल ठरते. म्हणूनच व्हीलचेअर या विषयाची माहिती रुग्ण, त्यांचे कुटुंबीय, गावोगावचे डॉक्टर आणि आमचे देणगीदार यांच्यापुढे थोडी विस्ताराने मांडावी, असे आम्हांस वाटले.

खुर्चीविषयीची भीती

झाडावरून, विहिरीत किंवा बांधकामाच्या पराचीवरून पडल्याने, तसेच रस्त्यावरील अपघाताने मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण आपल्याकडे सर्वत्र आढळतात. पाठकण्याची शस्त्रक्रिया होते, जखम भरते आणि मग व्हीलचेअरचा विषय निघतो. त्या क्षणी बहुतेक नातेवाइकांच्या चेहऱ्यावर निराशा उमटते. "एकदा खुर्चीत बसला की तो कायमचाच बसेल, त्यापेक्षा मालीश करू, आणखी काही दिवस वाट पाहू," असे ते म्हणतात. त्यांच्या मनात खुर्ची म्हणजे हार पत्करल्याची खूण असते.

या भीतीमागील माया आम्ही जाणतो, परंतु तिच्यामागील समजूत बरोबर नाही. पायांत शक्ती परत येईल किंवा नाही, हे मज्जारज्जूला झालेल्या इजेच्या स्वरूपावर अवलंबून असते. खुर्ची वापरण्याने ती शक्ती कमी होत नाही. पायांचे व्यायाम खुर्ची वापरत असतानाही चालूच ठेवायचे असतात. पुढे चालता येऊ लागले तर खुर्ची बाजूला ठेवता येते. मात्र वाट पाहण्यात गेलेले महिने फुकट जात नाहीत, ते नुकसान करून जातात. अंथरुणावर पडून राहिलेल्या रुग्णाला शय्याव्रण होतात, सांधे आखडतात, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होतो, छातीत कफ साठतो, हाडे ठिसूळ होतात आणि मन खचते. कमरेखालील संवेदना गेलेल्या रुग्णाचा शय्याव्रण चिघळून जंतुसंसर्ग रक्तात पसरला, तर तो जिवावर बेततो. माणसाला खिळवून ठेवते ते अंथरूण. खुर्ची त्याला तेथून बाहेर काढते.

अर्धांगवायूचा झटका आलेले वृद्ध, पोलिओमुळे पाय लुळे झालेले प्रौढ, सेरेब्रल पाल्सी असलेली मुले, स्नायूंचा क्षय होत जाणारे रुग्ण आणि दोन्ही पाय गमावलेले मधुमेही, या सर्वांच्या बाबतीत कमी-अधिक फरकाने हेच लागू पडते. चार पावले चालू शकणाऱ्या व्यक्तीलाही व्हीलचेअरची गरज असू शकते. घरात काठीच्या आधाराने वावरणारी व्यक्ती बाजारापर्यंत जाता जाता थकून जात असेल, तर त्या अंतरापुरती खुर्ची वापरणे हेच शहाणपणाचे.

थोडा इतिहास

अपंग व्यक्तीने स्वतःच्या बळावर फिरावे, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतील न्यूरेम्बर्गजवळ राहणारे घड्याळजी श्टेफान फार्फलर यांना चालता येत नव्हते. त्यांनी १६५५ च्या सुमारास हाताने फिरवायच्या दांड्यावर चालणारी तीन चाकांची गाडी स्वतःसाठी तयार केली. आज सर्वत्र दिसणारी घडीची खुर्ची मात्र विसाव्या शतकातील. खाणीतील अपघातात पाय लुळे झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत नळ्यांची, मिटवून मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची बनवली. हे दोन्ही शोध गरज असलेल्या माणसानेच लावले किंवा लावून घेतले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

खुर्चीत बसलेल्या माणसाकडे पाहण्याची वैद्यकशास्त्राची दृष्टी बदलली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दर थोड्या वेळाने कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी, व्यायाम, खेळ आणि कामाचे शिक्षण यांवर त्यांनी भर दिला. २९ जुलै १९४८ रोजी तेथे खुर्चीत बसलेल्या सोळा स्पर्धकांची धनुर्विद्या स्पर्धा झाली. पुढे १९६० च्या रोम येथील पॅरालिंपिकपर्यंत पोहोचलेली परंपरा तेथून सुरू झाली.

आपल्या देशातील उदाहरणे याहून कमी प्रेरक नाहीत. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांना १९५४ मधील मोटार अपघातात कमरेखाली अपंगत्व आले. त्यानंतर त्यांनी खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवरील शस्त्रक्रिया केल्या, परदेशी जाऊन पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा सांभाळली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. त्यांनीच १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या ५० मीटर स्पर्धेत भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ऐन तारुण्यात आलेल्या अपंगत्वावर मात करून १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' असे आहे.

या साऱ्यांचे पाय बरे झाले नाहीत. तरीही त्यांची कामे अडली नाहीत, कारण बसण्याची, फिरण्याची आणि काम करण्याची सोय त्यांना लाभली.

कोणाचीही खुर्ची कोणालाही चालत नाही

रुग्णालयाच्या व्हरांड्यात रुग्णाला क्ष-किरण तपासणीस नेण्यासाठी जी खुर्ची असते, ती सर्वांच्या परिचयाची आहे. ती दहा-पंधरा मिनिटांच्या वापरासाठी आणि मागून ढकलण्यासाठी बनविलेली असते. घरी कायमची वापरायची खुर्ची मात्र दिवसाचे आठ-दहा तास बसण्यासाठी आणि स्वतः चालविण्यासाठी असते. या दोहोंत भाड्याची चप्पल आणि मापाची चप्पल यांच्याइतका फरक आहे. दुर्दैवाने बाजारातून अथवा वाटप शिबिरातून बहुधा पहिल्या प्रकारची, एकाच मापाची खुर्ची घरी येते आणि तीच कायमची समजली जाते.

मापे घ्यायला अवघड नाहीत. बैठकीची रुंदी रुग्णाच्या कमरेच्या रुंदीइतकी असावी. ती जास्त असली तर रुग्ण एका बाजूस कलतो, कणा वाकडा होतो आणि चाकापर्यंत हात पोहोचविण्यासाठी खांदे ताणावे लागतात. बैठकीची खोली अशी असावी की, रुग्ण पाठीला टेकून बसला असता बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत तीन ते सहा सेंटिमीटर अंतर राहील. बैठक याहून खोल असली तर रुग्ण पुढे घसरतो व माकडहाडावर भार देऊन बसू लागतो. शय्याव्रणाची सुरुवात अनेकदा येथूनच होते. पायटे अशा उंचीवर असावेत की मांडी पूर्णपणे बैठकीवर टेकलेली राहील. पायटे वर असले तर गुडघे उचलले जाऊन सारा भार बसण्याच्या हाडांवर येतो आणि खाली असले तर पाय लोंबकळतात. हात सरळ खाली सोडले असता बोटांची टोके मागच्या चाकाच्या आसापाशी यावीत, हा चाकाच्या जागेविषयीचा साधा नियम. आस थोडा पुढे घेतला की खुर्ची चालविणे हलके होते, परंतु ती मागे कलंडण्याची शक्यता वाढते; म्हणून हा बदल रुग्णाचा तोल आणि सराव पाहूनच करावा लागतो.

खुर्चीइतकेच महत्त्व तिच्यावरील गादीला आहे. निरोगी माणूस बसल्या जागी नकळत सतत चुळबुळ करीत असतो, कारण एका जागी दाब आला की शरीर त्याला सूचना देते. संवेदना गेलेल्या रुग्णाला ही सूचना मिळत नाही. त्वचेवरील दाबामुळे तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच जखमेची सुरुवात होऊ शकते. यासाठी दाब सर्वत्र पसरविणारी विशेष गादी लागते. घरातील उशी अथवा सतरंजीची घडी हे काम करू शकत नाही. मध्ये भोक असलेली रबरी कडी तर टाळावीच. तिच्या कडेवर दाब एकवटून अपाय होतो.

खुर्ची निवडताना रुग्ण कोठे राहतो आणि काय करतो, हेही पाहावे लागते. शहरातील सदनिकेत, गुळगुळीत फरशीवर, आखूड बांध्याची खुर्ची सहज वळते. तीच खुर्ची खडीच्या पाणंदीवर किंवा पावसाळ्यातील चिखलात निरुपयोगी ठरते, कारण तिची पुढची लहान चाके रुततात. अशा ठिकाणी पुढचे चाक मोठे व लांब अंतरावर असलेली तीनचाकी बनावटीची खुर्ची अधिक उपयोगी पडते. आपल्याकडे सर्रास दिसणारी हाताच्या पेडलची तीनचाकी सायकल बाहेरच्या लांब अंतरासाठी उत्तम, पण ती घरात वळत नाही. म्हणून अनेकांना घरासाठी एक आणि बाहेरसाठी एक अशी दोन साधने लागतात. चेन्नईच्या आय.आय.टी.मध्ये झालेल्या संशोधनातून २०२० मध्ये व्यक्तीच्या मापानुसार बनविली जाणारी देशी खुर्ची आणि तिला पुढून जोडायचे विजेवर चालणारे चाक बाजारात आले. एकाच खुर्चीने घर आणि रस्ता दोन्ही साधण्याचा हा स्वागतार्ह प्रयत्न आहे.

खुर्ची मिळाल्यानंतरचे शिक्षण

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर पुरविण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत हे काम आठ टप्प्यांत मांडले आहे : रुग्णाची नोंद, तपासणी व मापे, योग्य खुर्चीची निवड, निधी व मागणी, खुर्चीची तयारी, ती रुग्णाच्या शरीराला जुळवून पाहणे, वापराचे शिक्षण आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व पाठपुरावा. प्रत्यक्ष खुर्ची हाती पडणे हा या साखळीतील केवळ एक दुवा आहे. दुर्लक्ष होते ते प्रामुख्याने शेवटच्या दोन टप्प्यांकडे.

शिक्षणातील पहिला धडा दाब हलका करण्याचा. दर पंधरा ते तीस मिनिटांनी रुग्णाने छाती मांड्यांकडे नेत पुढे वाकावे किंवा आलटून पालटून एकेका बाजूस कलावे आणि त्या स्थितीत मिनिट-दोन मिनिटे थांबावे. रोज सकाळ-संध्याकाळ आरशाच्या साहाय्याने किंवा घरच्यांकडून बैठकीची त्वचा तपासून घ्यावी. त्वचेवर न मावळणारा लालसर किंवा काळपट डाग दिसला, तर तो नाहीसा होईपर्यंत त्या जागेवर भार देऊ नये.

दुसरा धडा खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर जाण्याचा. ब्रेक लावणे, पायटे बाजूला करणे, फळीच्या आधाराने सरकणे या क्रिया सरावाने साधतात. आपल्या घरांत जेवण, निवडणे-टिपणे, पूजा असे बरेच व्यवहार जमिनीवर बसून होत असल्यामुळे, जमिनीवरून खुर्चीत चढणे आम्ही विशेष आवर्जून शिकवितो. तिसरा धडा चालविण्याचा. चाकाची कडी लांब, सावकाश फेकीने ढकलावी. तोकड्या आणि घाईच्या झटक्यांनी खांदे झिजतात. खुर्ची वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात, आणि ते आयुष्यभर पुरायचे असतात.

दिवस कसा बदलतो

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. तिशीतील एक शिंपी आंब्याच्या झाडावरून पडतो आणि त्याच्या कमरेखालील संवेदना जाते. खुर्चीविना त्याचा दिवस असा असतो : सकाळी शौचासाठी दोघांनी उचलायचे, आईने अंथरुणातच अंग पुसायचे, बायकोने मजुरीला जाण्यापूर्वी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा, आणि दुपारी ती परत येईपर्यंत छताकडे पाहत राहायचे. कमी पाणी प्यावे म्हणजे कोणाला त्रास द्यावा लागणार नाही, असे तो मनाशी ठरवतो आणि त्यामुळे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वाढतो. घरातील एक कमावते माणूस कमी झाले आणि दुसरे त्याच्या सेवेत अडकले.

हाच माणूस मापाच्या खुर्चीत बसू लागला, पलंगावरून स्वतः उतरू लागला आणि कमोडच्या खुर्चीचा उपयोग शिकला की प्रथम शरीरधर्माची लाज संपते. ठरलेल्या वेळी नळीने लघवी काढण्याचे तंत्र तो खुर्चीत बसूनच आत्मसात करतो, त्यामुळे पाणी पिण्याची भीती उरत नाही. नंतर टेबलावर ठेवलेले शिवणयंत्र आणि त्याला बसविलेली लहान विजेची मोटर एवढ्यावर त्याची कैची पुन्हा चालू लागते. गिऱ्हाईक दाराशी येते, चार शब्द बोलते. मुलाचा अभ्यास, भावकीतील लग्न, ग्रामसभा यांत त्याचे मत पुन्हा विचारले जाते. घरातील माणूस खाटेवर असेपर्यंत त्याच्याविषयी बोलले जाते. तो खुर्चीत येऊन बसला की त्याच्याशी बोलले जाते.

या बदलाची एक बाजू बहुधा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे सेवा करणाऱ्या व्यक्तीची. आपल्याकडे ही सेवा आई, पत्नी, सून किंवा मुलगी करते. मोठ्या माणसाला दिवसातून अनेकदा उचलल्याने तिची कंबर धरते, तिची मजुरी बुडते. मुलगी असेल तर शाळा सुटते. एका खुर्चीने दोन माणसे मोकळी होतात, हे आम्ही देणगीदारांना आवर्जून सांगू इच्छितो.

मुलांच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल लहान असताना आई त्याला कडेवर घेऊन शाळेत पोहोचविते. ते आठ-दहा वर्षांचे झाले की वजन पेलत नाही आणि शाळा सुटते. पाठीला, मानेला योग्य आधार देणारी खुर्ची त्या वयापूर्वी मिळाली तर मूल वर्गात इतरांच्या पातळीवर बसते, हात मोकळे राहून लिहू शकते, घास नीट गिळू शकते. मूल वाढते तशी खुर्चीही बदलावी किंवा जुळवून घ्यावी लागते, याचे भान मात्र ठेवावे.

घर, गाव आणि कायदा

उत्तम खुर्ची असूनही उंबरठा ओलांडता आला नाही तर ती घरातील आणखी एक वस्तू होऊन राहते. म्हणून रुग्णाला घरी पाठविण्यापूर्वी आम्ही कुटुंबीयांकडून घराचा साधा आराखडा व दारांची मापे मागवितो. उताराचा सर्वमान्य नियम एकास बारा असा आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर ५ मीटर ४० सेंटिमीटर उतार लागतो. अंगणात जागा नसल्यास मध्ये सपाट टप्पा घेऊन तो वळवावा. घाईने बांधलेला खडा उतार पायरीपेक्षाही घातक ठरतो. दार मोकळे ९० सेंटिमीटर रुंद असावे आणि खुर्ची पूर्ण वळविण्यासाठी दीड मीटर व्यासाची जागा असावी. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे केले, भिंतीला पक्की आडवी दांडी बसविली आणि उंबरठा काढला, तर अल्प खर्चात मोठी सोय होते.

घराबाहेरची जबाबदारी समाजाची आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्या करारात व्यक्तीला स्वतःच्या पसंतीने व परवडेल अशा खर्चात फिरता यावे, हा स्वतंत्र हक्क मानला आहे. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्यास बांधकामाची परवानगी देऊ नये, असे हा कायदा सांगतो. सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला.

कायदा झाला तरी तो ग्रामपंचायतीच्या पायरीपर्यंत पोहोचविण्याचे काम नागरिकांचे आहे. शाळा, दवाखाना, बँक, मतदान केंद्र आणि मंदिर या पाच ठिकाणी योग्य उतार झाला तरी गावातील दिव्यांग व्यक्तीचे जग किती विस्तारेल! त्याच उतारावरून बाळंतीण, वृद्ध आणि गुडघेदुखीने त्रासलेले सर्वजण सुखाने ये-जा करतील.

खुर्चीची निगा

चाकात हवा पुरेशी ठेवणे, ब्रेक पकडतो की नाही हे पाहणे, आऱ्या व नटबोल्ट घट्ट ठेवणे, पुढच्या चाकांत अडकलेले केस व दोरे काढणे आणि बैठकीचे कापड सैल झाले नाही ना हे तपासणे, ही कामे आठवड्यातून एकदा करावीत. पंक्चर, आऱ्या आणि मागचे चाक यांची दुरुस्ती कोणत्याही तालुक्याच्या गावातील सायकल दुरुस्तीवाला करू शकतो. पुढच्या चाकाचे बेअरिंग किंवा सांगाडा बिघडल्यास मात्र खुर्ची घेऊन पुनर्वसन विभागाकडे यावे. एका लहान चाकाअभावी खुर्ची माळ्यावर जाते आणि माणूस पुन्हा अंथरुणावर जातो, असे होऊ देऊ नये.

गरज आणि आपला वाटा

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींना हालचालीचे अपंगत्व होते. महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि निरनिराळ्या देशांत त्यांपैकी केवळ ५ ते ३५ टक्के लोकांनाच ती मिळते.

शासनाचे साहाय्य उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या १९८१ पासून चालू असलेल्या साहाय्यक साधनांच्या योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर खुर्ची, तीनचाकी सायकल आदी साधने मिळतात. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढताना येणाऱ्या अडचणींत आमच्या समाजसेवा विभागाचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात. रुग्णांनी व नातेवाइकांनी संकोच न बाळगता त्यांच्याशी बोलावे.

देणगीदारांना आमची नम्र विनंती अशी की, खुर्ची देताना तिच्यासोबत गादी, मापे घेण्याची व्यवस्था, शिक्षणाचे दिवस आणि पुढील दुरुस्ती यांचाही विचार व्हावा. वाटप केलेल्या खुर्च्यांची संख्या मोठी दिसते आणि छायाचित्रही चांगले येते. परंतु वर्षानंतर त्यांपैकी किती खुर्च्या रोज फिरत आहेत आणि किती जणांच्या त्वचेवर जखम नाही, हे अधिक महत्त्वाचे मोजमाप आहे. उपलब्ध निधीत खुर्च्या थोड्या कमी झाल्या तरी चालेल, पण प्रत्येक खुर्ची त्या त्या माणसाची असावी.

कुटुंबीयांना एवढेच सांगावेसे वाटते की, खुर्चीचा निर्णय पुढे ढकलू नका. पायांच्या उपचारांची आशा अवश्य ठेवा. मात्र त्या आशेच्या छायेत आजचा दिवस अंथरुणावर वाया जाऊ देऊ नका. खुर्ची आली की तिच्यात बसणाऱ्या व्यक्तीला जे स्वतः करता येते ते तिला करू द्या. थोडा उशीर लागेल, कधी भांडे सांडेल, कधी दारावर चाक आपटेल. मागून खुर्ची ढकलण्याची घाई न करता ती कोणत्या दिशेला जाऊ इच्छिते, हे आधी विचारा.

पाय चालते करणे नेहमीच वैद्यकशास्त्राच्या हाती नसते. माणसाला चालते-फिरते करणे मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे.